खर्चाच्या तारणाचा हुकूम झाला. आता अपील कुठे?

"आठ आठवड्यांत चाळीस लाख रुपये कोर्टात भरा, नाहीतर दावा फेटाळला जाईल." व्यापारी दाव्यातल्या वादीला असा हुकूम मिळाला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वकीलसाहेब, याच्यावर वर जाता येईल ना?" उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. आपल्याकडच्या व्यापारी न्यायालयानं दिलेल्या या हुकमावर सरळ अपील होत नाही. कायद्यात अपील आहे, पण ते पुढच्या वळणावर आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत दावा फेटाळलेला असतो.

हे माहीत नसल्यामुळे लोक नको ती गोष्ट करतात. अपील करायचं म्हणून कागद जमवत बसतात, मुंबईचा मोठा वकील शोधतात, आणि एवढ्यात पैसे भरायची मुदत संपून जाते. म्हणून पहिल्यांदाच व्यापारी दाव्यात पडलेल्या उद्योजकांसाठी आणि दोन-चार वर्षं झालेल्या ज्युनिअर वकिलांसाठी हा मार्ग पायरीपायरीनं मांडतो. शब्दांचा घोळ टाळायला एक ठरवून घेऊ: 'ऑर्डर २५' म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतलं त्या क्रमांकाचं प्रकरण, आणि 'हुकूम' म्हणजे न्यायाधीशांनी आपल्या प्रकरणात दिलेला निर्णय.

आधी खात्री करा: हे तारणच आहे ना?

खर्चाचं तारण, म्हणजे वकील मंडळी ज्याला 'सिक्युरिटी फॉर कॉस्ट्स' म्हणतात ते, प्रतिवादीच्या संरक्षणासाठी असतं. वादी हरला तर प्रतिवादीचा कोर्टखर्च त्याच्याकडून वसूल व्हायला हवा. वादी परदेशात असेल आणि इथे त्याची काही मालमत्ता नसेल, तर वसुली करणार कुठून? म्हणून आधीच काही रक्कम किंवा हमी ठेवून घ्यायची. २०१५ च्या व्यापारी न्यायालये कायद्यानं संहितेचं कलम ३५ बदललं आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम ठरवला. तो मोडायचा तर न्यायाधीशांनी कारणं लिहायची. खर्चात साक्षीदारांचा खर्च आला, तशी वकिलाची फीसुद्धा आली. त्यामुळे व्यापारी दाव्यात मागितले जाणारे आकडे मोठे असतात.

याच्यासारखेच दिसणारे आणखी तीन प्रकार आहेत. ऑर्डर ३७ च्या समरी (झटपट निकालाच्या) दाव्यात प्रतिवादीला बचाव करायची परवानगी देताना कोर्ट रक्कम भरायला सांगतं. पैशाच्या हुकूमनाम्यावर (दाव्याच्या अंतिम निकालावर, म्हणजे डिक्रीवर) अपील करून स्थगिती मागितली की हुकूमनाम्याची रक्कम भरायला सांगतात. लवादाच्या निवाड्याला आव्हान देऊन स्थगिती मागतानाही तसंच होतं. या तिन्हींत पैसे भरायला लावतात ते मूळ मागणीपोटी. तारण मात्र फक्त खर्चापोटी असतं. प्रत्येकाचे नियम वेगळे आणि वर जायचा रस्ताही वेगळा, त्यामुळे हुकमात कोणत्या तरतुदीचा उल्लेख आहे ते आधी वाचा. उल्लेखच नसेल तर अर्जाचं शीर्षक बघा.

हुकूम कोणत्या पायावर उभा आहे?

ऑर्डर २५, नियम १ चे दोन भाग आहेत. पहिल्यात कोर्टाला मुभा आहे: दाव्याच्या कोणत्याही टप्प्यावर, स्वतःहून किंवा प्रतिवादीच्या अर्जावर, कारणं नोंदवून तारण मागता येतं. दुसऱ्यात सक्ती आहे: एकुलता एक वादी, किंवा अनेक असतील तर सगळेच वादी, भारताबाहेर राहत असतील आणि त्यांच्यापैकी एकाकडेही भारतात पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर तारण मागायलाच हवं. दाव्यातली मालमत्ता यात धरत नाहीत. जो माणूस खर्च द्यायच्या वेळी सापडणारच नाही अशा बेतानं देश सोडून गेला, तोही बाहेर राहणाराच धरला जातो.

आपल्याकडचे आखातातले, सिंगापूरचे, अमेरिकेतले मराठी व्यावसायिक नेमके इथेच अडकतात. समजा, सांगलीचा एक गृहस्थ पंधरा वर्षं दुबईत आहे. तिथल्या त्याच्या कंपनीनं पुण्याच्या कारखान्याकडून यंत्राचे सुटे भाग घेतले, माल सदोष निघाला, आणि कंपनीनं पुण्याच्या व्यापारी न्यायालयात दावा लावला. प्रतिवादीनं तारण मागितलं. साहेब म्हणतात, "माझा ठाण्यात फ्लॅट आहे की!" फ्लॅट आहे, पण त्यांच्या नावावर. वादी कंपनी आहे, आणि कंपनीच्या नावावर भारतात एक गुंठाही नाही. फ्लॅट आईच्या नावावर असता तर तो धरायचा प्रश्नच नव्हता. आणि बँकेत दोन कोटींची मुदतठेव असती तर? ती स्थावर नाही, म्हणून सक्तीच्या भागातून सुटका नाही. पण तारण किती आणि कोणत्या रूपात घ्यायचं, यावर बोलताना ती ठेव नक्की पुढे करता येते.

उलट त्याच दाव्यात भारतात राहणारा एखादा खराखुरा सहवादी असेल, तर सक्तीचा भाग लागूच होत नाही. मग कोर्टाला मुभेच्या भागात जाऊन कारणं द्यावी लागतात, आणि 'वादीकडे पैसे नाहीत' एवढंच कारण पुरत नाही. गरीब माणसाला कोर्टाचं दार बंद करण्यासाठी ही तरतूद केलेली नाही.

महाराष्ट्रात आणखी एक पोट-अंग आहे. राज्याच्या दुरुस्तीनुसार, दाव्याला पैसा पुरवणाऱ्यानं बदल्यात दाव्यातल्या मालमत्तेत हिस्सा घेतला असेल, तर कोर्ट त्याला संमतीनं वादी करून घेऊ शकतं आणि त्याच्याकडूनही तारण मागू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ए. के. बालाजी प्रकरणात या दुरुस्तीचा उल्लेख केला आहे. दाव्यांना भांडवल पुरवणारे हल्ली वाढत चालले आहेत. करार करताना हे कलम दोघांनीही वाचलेलं बरं.

आता आपला हुकूम घ्या आणि पेन्सिलीनं खुणा करा. सक्तीचा भाग लावला की मुभेचा? कारणं लिहिली आहेत का? रक्कम कशावरून काढली? मुदत किती? रूप कोणतं: रोख, बँक गॅरंटी की आणखी काही? आणि शेवटचं, सगळ्यात धोक्याचं वाक्य: मुदतीत न भरल्यास पुन्हा कोर्टासमोर न येता दावा आपोआप फेटाळला जाईल, असं तर म्हटलेलं नाही ना? म्हटलं असेल तर त्या तारखेनंतर तुम्हाला सावध करायला कोणी येणार नाही.

अपिलाचं दार नेमकं कुठे आहे

व्यापारी न्यायालये कायद्याच्या कलम १३ चं परंतुक सांगतं की, अंतरिम स्वरूपाच्या हुकमांपैकी फक्त संहितेच्या ऑर्डर ४३ च्या यादीतल्या आणि लवाद कायद्याच्या कलम ३७ मधल्या हुकमांवरच अपील चालेल. आता ऑर्डर ४३ ची यादी काढा आणि ऑर्डर २५ शोधा. सापडतं एकाच ठिकाणी, खंड (एन) मध्ये, आणि तेही नियम २ खालच्या हुकमाबाबत: तारण न दिल्यानं फेटाळलेला दावा पुन्हा उभा करा हा अर्ज नामंजूर झाला तर, तोही अपील होऊ शकणाऱ्या दाव्यात. नियम १, म्हणजे तारण मागणारा मूळ हुकूम, यादीत नाही.

मग बाकीचे रस्ते? पुनरीक्षण अर्ज, ज्याला आपण रिव्हिजन म्हणतो, तो व्यापारी न्यायालये कायद्याच्याच कलम ८ नं बंद केला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट लागतात तिथे) पूर्वीपासून लेटर्स पेटंटच्या, म्हणजे उच्च न्यायालय स्थापणाऱ्या जुन्या सनदेच्या, क्लॉज १५ खाली अपील करायची सवय आहे, आणि ज्यावर हे अपील होतं ते 'जजमेंट' म्हणजे काय यावर १९८१ चा बाबुलाल खिमजी निकाल जुन्या वकिलांना तोंडपाठ असतो. पण व्यापारी विभागाच्या हुकमांपुरता तो रस्ताही कलम १३(२) नं बंद केला: या कायद्यात बसेल तेवढंच अपील. तोच दावा साधा, अव्यापारी असता तर क्लॉज १५ चा विचार करता आला असता.

उरतो पुनर्विलोकनाचा अर्ज, म्हणजे रिव्ह्यू. मुदत ३० दिवस, आणि कारण लागतं अगदी तोंडावर दिसणारी चूक. उदाहरणार्थ, वादीच्या नावावर नाशिकला कारखान्याची जमीन असल्याचा सातबारा रेकॉर्डवर असूनही 'स्थावर मालमत्ता नाही' असं लिहिलं गेलं. असं काही असेल तर रिव्ह्यू स्वस्त आणि चांगला. 'न्यायाधीशांचा अंदाज चुकला' एवढ्यावर रिव्ह्यू टाकू नका, वेळ जातो.

पहिल्या आठवड्यात काय करायचं

हुकूम झाला त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज टाका. 'व्यापारी प्रकरणात प्रत इमेलनं येते' यावर विसंबून राहू नका. येते तेव्हा येते. मुदतीचं घड्याळ तुमच्या इनबॉक्सकडे बघून चालत नाही. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद, ऑनलाइन दिसतो, त्याची प्रिंट काढून फाइलला लावा.

मग पैशाची खरी स्थिती बघा. मला वाटतं, या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त उपयोगी पडते ती इथली कामगिरी. पुढच्या कोणत्याही कोर्टात तुम्हाला विचारणार: "तुम्ही प्रयत्न काय केलेत?" बँकेला गॅरंटीसाठी दिलेलं पत्र, बँकेचं उत्तर, परदेशातून पैसे पाठवायला लागलेला वेळ, संचालक मंडळाचा ठराव, ताळेबंद, या सगळ्याच्या तारखा दिसायला हव्यात. बँकेनं तोंडी नाही म्हटलं असेल तर लेखी मागा. मॅनेजर कुरकुर करतील, तरी मागा.

यानंतर त्याच कोर्टात एक अर्ज करा. त्यात तीन गोष्टी एकत्र मागता येतात: मुदतवाढ, रूप बदलून द्या (रोख ऐवजी बँक गॅरंटी, किंवा मालमत्तेचं तारण), आणि हप्ते किंवा टप्पे. टप्प्यांची मागणी न्यायाधीशांना पटते असं मी पाहिलं आहे: आत्ता मुद्दे निश्चित होईपर्यंतच्या खर्चाचं तारण द्या, पुरावा सुरू होताना पुढचं. दावा मध्येच मिटला तर प्रतिवादीचं काही बिघडत नाही.

मुदतवाढीला आधार आहे संहितेच्या कलम १४८ चा. त्यात एकूण ३० दिवसांची कमाल मर्यादा आहे. पण हाताबाहेरच्या कारणांमुळे तेवढ्यात शक्यच नसेल तर ही मर्यादा आडवी येऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या सेलम बार असोसिएशन निकालात म्हटलं आहे. आणि मुदत आधीच संपली असेल तर? १९६१ चा महंत रामदास विरुद्ध गंगादास निकाल बघा. तिथे कोर्ट फीचा प्रश्न होता, पण तत्त्व कामाचं आहे: 'अमुक तारखेपर्यंत नाहीतर दावा गेला' असे हुकूम ढिलाई करणाऱ्यावर धाक म्हणून असतात, त्यांनी कोर्टाचे हात कायमचे बांधले जात नाहीत. तरीही मुदत संपण्याआधी केलेला अर्ज आणि नंतर केलेला अर्ज यांच्याकडे न्यायाधीश सारख्याच नजरेनं बघत नाहीत.

जेवढं शक्य आहे तेवढं भरून टाका. चाळीसपैकी पंधरा लाख जिल्हा न्यायालयात नाझरकडे (पैशाचे व्यवहार बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे), किंवा मुंबईत प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टरच्या कार्यालयात जमा झालेले असले, तर तुमच्या अर्जाचं वजन बदलतं. 'आमचा हक्क राखून, हरकतीसह' असं पत्रात लिहून भरा.

अनुच्छेद २२७: शेवटच्या फळीचा रस्ता

जिल्हा पातळीवरच्या व्यापारी न्यायालयाचा हुकूम असेल, तर घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. कलम ८ साध्या कायद्याचं आहे, ते घटनेनं दिलेली देखरेखीची सत्ता काढून घेऊ शकत नाही. अनुच्छेद २२६ मात्र लावू नका. दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकमाला २२६ चालत नाही, हे २०१५ च्या राधेश्याम विरुद्ध छबीनाथ निकालात स्पष्ट झालं आहे. ज्युनिअर मंडळी सवयीनं '२२६ आणि २२७' असं दोन्ही लिहितात, ते सोडा.

पण २२७ ला अपील समजू नका. रक्कम तीस हवी होती की चाळीस, याची चर्चा तिथे होत नाही. तिथे दाखवायचं असतं ते असं: कारणंच नोंदवली नाहीत, सक्तीचा भाग लागू नसताना लावला, रेकॉर्डवरचा पुरावा वाचलाच नाही, किंवा वादीला म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही. याचिका आटोपशीर ठेवा, हा एकच मुद्दा पहिल्या दोन पानांत दिसला पाहिजे. व्यापारी दाव्यांत मधल्या मधल्या याचिकांनी खोळंबा होऊ नये म्हणून हा कायदा केला, ही जाणीव उच्च न्यायालयाला असते, आणि तुमच्याकडे ते त्याच संशयानं बघणार.

कुठे जायचं? पुण्याचा हुकूम मुंबईत, नागपूरचा नागपूर खंडपीठात, गोव्याचा पर्वरीला. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचा पर्याय मिळाला आहे. मुंबईची रात्रीची गाडी त्यांना आता पकडावी लागत नाही.

आणि लक्षात ठेवा, याचिका दाखल झाली म्हणून मुदत थांबत नाही. स्थगिती किंवा मुदतवाढ स्वतंत्र मागा. प्रकरण बोर्डावर लवकर यावं म्हणून प्रेसिपे (लेखी विनंतीपत्र) देऊन मेन्शनिंग करा, म्हणजे कोर्टासमोर तोंडी विनंती करा, आणि तारखेचं वाक्य पहिलं म्हणा: "साहेब, मुदत शुक्रवारी संपते."

मुंबई उच्च न्यायालयाच्याच व्यापारी विभागानं हुकूम दिला असेल तर २२७ नाही. उच्च न्यायालय स्वतःच्याच न्यायाधीशावर रिट काढत नाही. १९६६ च्या नरेश श्रीधर मिरजकर निकालापासून हे ठरलेलं आहे. तिथे उरतो फक्त सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. तारणासारख्या अंतरिम हुकमासाठी तिथे अनुमती मिळणं फार दुर्मीळ. दिल्लीचा खर्च तारणाच्या रकमेशी ताडून बघा. काही वेळा तारण भरणंच स्वस्त पडतं.

दावा फेटाळला गेला: आता खरं अपील

मुदतीत तारण दिलं नाही की नियम २ प्रमाणे कोर्ट दावा फेटाळतं. त्याआधी एक सुटकेची वाट आहे, ती म्हणजे परवानगी घेऊन दावा मागे घेणं. पण नव्यानं दावा लावायची परवानगी मिळाली तरी मुदत कायद्याचं (लिमिटेशन ॲक्टचं) घड्याळ जुन्या दाव्यामुळे थांबलेलं नसतं. दावा तीन वर्षांच्या टोकावर लावलेला असेल तर ही वाट म्हणजे खड्डा.

फेटाळल्यानंतरची पहिली पायरी अपील नाही. पहिली पायरी आहे नियम २(२) खाली, त्याच कोर्टात, दावा पुन्हा फायलीवर घ्या असा अर्ज. मुदत: फेटाळल्या दिवसापासून ३० दिवस, मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२२ मध्ये खर्चाच्या तारणाचा स्पष्ट उल्लेख आहे. उशीर झालाच तर कलम ५ खाली माफीचा अर्ज जोडा. प्रतिवादीला नोटीस बजावल्याशिवाय दावा पुनर्स्थापित होत नाही, तेव्हा बजावणीची भत्ता-पावती (नोटिशीची फी भरल्याची पावती) सांभाळून ठेवा.

इथे कोर्ट विचारतं एकच: पुरेशा कारणानं तुम्हाला तारण देता आलं नाही का? पहिल्या आठवड्यात जमवलेली ती बँकेची पत्रं आता बाहेर काढायची. कारण सिद्ध झालं तर कोर्टानं दावा पुन्हा घ्यायलाच हवा, अटी घालून. ही भाषा सक्तीची आहे, ती युक्तिवादात वापरा. आणि अर्जासोबत तारण तयार ठेवा. हातात बँक गॅरंटी घेऊन उभा असलेला वादी आणि 'अजून चार आठवडे द्या' म्हणणारा वादी, यात फरक पडतोच.

हा अर्ज नामंजूर झाला, तरच ऑर्डर ४३ चा खंड (एन) जागा होतो. आता कलम १३ खाली अपील: जिल्हा न्यायाधीश पातळीचं व्यापारी न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचा व्यापारी विभाग असेल तर उच्च न्यायालयाच्या व्यापारी अपील विभागाकडे, त्याखालचं व्यापारी न्यायालय असेल तर व्यापारी अपील न्यायालयाकडे. मुदत ६० दिवस. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो. मुदतीबाहेर थोडा उशीर माफ होऊ शकतो, पण अपवाद म्हणून. हे २०२१ च्या बोरसे ब्रदर्स निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठासून सांगितलं, आणि तिथे उशिरा आलेला पक्ष होता खुद्द महाराष्ट्र शासन. शासनाची डाळ शिजली नाही, आपली कुठून शिजणार!

एक चूक वारंवार दिसते. अपील उपलब्ध असताना लोक पुन्हा २२७ ची याचिका टाकतात, ती परत पाठवली जाते आणि साठ दिवस संपतात. यादीत अपील आहे, तर अपीलच करा.

अपिलाच्या मेमोत मुख्य भर 'पुरेसं कारण' या मुद्द्यावर द्या: कोणता पुरावा खालच्या कोर्टानं बघितला नाही, कोणता चुकीचा वाचला. मूळ तारणाचाच हुकूम चुकीचा होता, हा मुद्दा मांडायचा मोह होईल. मांडा, पण दुय्यम म्हणून: 'हुकूम इतका जड होता की तो पाळणं अशक्य झालं' अशा जोडणीनं तो पुरेशा कारणाला टेकू देतो. एकटा उभा केला तर समोरचा वकील विचारेल, "मग त्याच वेळी का गेला नाहीत?" सोबत काय लावायचं? मूळ हुकूम, फेटाळणीचा हुकूम, नामंजुरीचा हुकूम, तिघांच्या प्रमाणित प्रती, अर्ज-उत्तरं, बँकेचा पत्रव्यवहार, आणि तारखांची यादी. ती यादी एका पानावर मावली पाहिजे. न्यायाधीश आधी तेच पान वाचतात.

आणि गंमत बघा: वादी परदेशी असेल तर अपिलातही त्याच्याकडून पुन्हा तारण मागितलं जाऊ शकतं. ऑर्डर ४१, नियम १० तसं सांगतो, आणि परदेशी, स्थावर नसलेल्या अपीलकर्त्याच्या बाबतीत तिथेही सक्तीच आहे. ते दिलं नाही तर अपील फेटाळलं जातं. हिशेब करताना हा दुसरा आकडा धरा.

प्रतिवादी असाल तर

तारणाचा अर्ज नामंजूर झाला तर तुम्हालाही अपील नाही. पण तुमची स्थिती तितकी वाईट नाही, कारण नियम १ म्हणतो 'कोणत्याही टप्प्यावर'. परिस्थिती बदलली, म्हणजे वादीनं इथली जमीन विकली किंवा कारखाना गुंडाळला, की नवा अर्ज करता येतो. वादीच्या मालमत्तेच्या नोंदींवर अधूनमधून नजर ठेवा. सातबारा ऑनलाइन बघायला काही लागत नाही. आणि खर्चाचा तक्ता नीट बनवा. 'अंदाजे एक कोटी' असं लिहिलेला तक्ता वरच्या कोर्टात पहिला पडतो.

लंडनमध्ये दावा असेल तर चित्र उलटं

करारात इंग्लंडचं न्यायालय ठरलेलं असलं की पुण्या-मुंबईची कंपनी तिथे 'परदेशी वादी' ठरते. इंग्लंडच्या दिवाणी नियमांच्या भाग २५ खाली तिच्याकडून तारण मागता येतं. तिथे मात्र या हुकमावर अपील होतं, फक्त परवानगी लागते. परवानगी आधी निकाल देणाऱ्या न्यायाधीशांकडेच, त्याच सुनावणीत मागायची; ती नाकारली तर वरच्या कोर्टाकडे, एन-१६१ फॉर्मवर. मुदत साधारण २१ दिवस. परवानगीसाठी यशाची खरी शक्यता किंवा दुसरं सबळ कारण दाखवावं लागतं. अपिलात फेरसुनावणी होत नाही. निर्णय चुकीचा होता, किंवा प्रक्रियेतल्या गंभीर दोषानं अन्याय्य झाला, हे सिद्ध करावं लागतं.

भारतीय कंपनीच्या हातात तिथे एक चांगलं पान आहे. २००१ च्या नासर विरुद्ध युनायटेड बँक ऑफ कुवेत निकालानुसार, केवळ परदेशी आहे म्हणून तारण मागायचं नाही. त्या देशात वसुली करताना जेवढी जास्तीची अडचण किंवा जास्तीचा खर्च येईल, त्याच्याशी तारणाचा संबंध हवा. आपल्या संहितेच्या कलम ४४अ प्रमाणे ब्रिटन हा परस्परव्यवहाराचा प्रदेश आहे, तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी इथे थेट जिल्हा न्यायालयात मागता येते. हा मुद्दा पहिल्याच सुनावणीत पुराव्यासह मांडा, भारतीय वकिलाच्या मताच्या प्रतिज्ञापत्रासह. अपिलात नवा पुरावा घुसवणं तिथे अवघड असतं. 'एवढे पैसे भरले तर आमचा दावाच गुदमरेल' असं म्हणायचं असेल, तर २०१७ चा गोल्डट्रेल निकाल वाचा. तो अपिलावर घातलेल्या पैशाच्या अटीबद्दल होता: पैसा उभा करणं शक्य नाही हे कंपनीनंच सिद्ध करायचं, आणि बघायचं ते कंपनीला पैसा मिळू शकतो का, मालक श्रीमंत आहे का ते नाही. आपल्या दुबईच्या साहेबांना हा फरक लगेच कळेल.

भरलेले पैसे परत कसे येतात

पैसे भरायची वेळ आलीच, तर त्याच दिवशी एक ओळीची विनंती करा: रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावी आणि वेळोवेळी नूतनीकरण करावं. न मागितल्यामुळे वर्षानुवर्षं बिनव्याजी पडून राहिलेल्या रकमा मी पाहिल्या आहेत. बँक गॅरंटी असेल तर तिची अखेरची तारीख डायरीत महिनाभर आधी लिहा. गॅरंटी संपली म्हणजे तारणही संपलं, आणि प्रतिवादी त्या दिवसाची वाट बघत असतो. दावा जिंकलात किंवा तडजोड झाली, तर हुकूमनाम्यात किंवा तडजोडीच्या अटींतच 'वादीनं जमा केलेली रक्कम व्याजासह परत द्यावी' हे वाक्य घालून घ्या. ते राहिलं तर स्वतंत्र अर्ज, पुन्हा नोटीस, पुन्हा तारीख, आणि अकाउंट्स विभागाच्या खिडकीसमोर रांग.